सात रस्त्याजवळची लॅब : जीन टेस्टचा अनुभव, ५ पैकी ३ स्टार

लॅबचं नाव टाकत नाही, मला भांडायचं नाहीये. ३ स्टारमधले २ तर घरी रक्त न्यायला आलेल्या पोराचेच आहेत. साडेसहाची वेळ दिली होती, सहा वीसला जुळे सोलापुरात आमच्या दारात हजर. आप्पांची शीर सापडत नाही ही जुनी बोंब, दरवेळी दोनतीन टोचण्या ठरलेल्या, ह्यानं एकाच टोचणीत काढलं आणि हात काळानिळा पण नाही झाला.

आता काउंटरचं सांगतो. आप्पा ६८ वर्षांचे, शुगर आहे, दारू कधी नाही. फुल बॉडी चेकअपमध्ये फेरिटिन (अंगात साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट) ७८० आलं, पुरुषांना साधारण ३०० पर्यंत चालतं. रिपोर्ट घ्यायला गेलो तर मॅडम म्हणल्या, सर, अंगात लोह साठतंय, आनुवंशिक असू शकतं, लिव्हर कॅन्सरची रिस्क असते, जीन टेस्ट करून घ्या. कॅन्सर शब्द कानावर पडल्यावर कोण घासाघीस करतंय, साडेसहा हजार तिथल्या तिथं भरले. वर १२ तास उपाशी राहा म्हणून सांगितलं, शुगरच्या माणसाला! जीन टेस्टला उपाशीपोटी लागतच नाही हे नंतर कळलं. उपमा खाल्ल्यानं जीन बदलतोय होय?

सॅम्पल बाहेरगावी जातं, बारा दिवसांनी मोबाईलवर पीडीएफ आली. चार पानं, सगळी इंग्रजीत. एचएफई जीन, एच६३डी, हेटेरोझायगस, आणि खाली जाड अक्षरात जेनेटिक कौन्सेलिंग घ्या. कुणाकडं घ्यायचं ते नाही. फोन केला तर म्हणे तुमच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर पुण्याच्या भावानं रात्री बसून शोधून फॅमिली ग्रुपवर टाकलं की ब्रिटनमध्ये असा जीन असलेल्या पुरुषांपैकी ७५ वयापर्यंत साधारण ७ टक्के लोकांना लिव्हरचा कॅन्सर होतो, बाकीच्यांत ०.६ टक्के. झालं, आईनं लोखंडी कढई माळ्यावर टाकली. तवा पण टाकणार होती पण मग भाकरी कशावर थापून भाजायची म्हणून तो वाचला.

पोटाच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन केलंय का? म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रोटीन किती टक्के लोहानं भरलंय ते. नव्हतं केलं. काहीशे रुपयांची टेस्ट, तिचं नाव पण काउंटरवर कुणी काढलं नाही. ती ४५ टक्क्यांच्या वर आली तर मग जीनचा विचार करायचा असतो म्हणे. आप्पांची ३१ आली.

डॉक्टरांनी समजावलं ते मला नीट कळलं म्हणून लिहितो, कारण रिपोर्टमध्ये ह्यातलं एक अक्षर नव्हतं. लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन बनवतं, आतड्यातनं किती लोह आत सोडायचं हे बघणारा तो वॉचमन. एचएफईत ठराविक बिघाड असला की हेप्सिडिन कमी बनतं, लोह घुसत राहतं आणि वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये साठून सिरोसिस (लिव्हर कडक होऊन खराब होणं), पुढं कॅन्सर. पण भावानं टाकलेला ७ टक्क्यांचा आकडा सी२८२वाय हा बदल आई आणि बाप दोघांकडनं आलेल्या पुरुषांचा आहे. तो उत्तर युरोपातल्या लोकांत जास्त, आपल्याकडं क्वचितच सापडतो. आप्पांचा एच६३डी वेगळा, तो पण एकाच बाजूनं आलेला (हेटेरोझायगस म्हणजे हेच), आपल्यात बऱ्याच जणांत असतो आणि नुसत्या त्याच्यानं रोग होत नाही. मग फेरिटिन का वाढलं? सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. त्यानं, दारूनं, अंगात सूज असली तरी फेरिटिन चढतं. कढईचा काही संबंध नाही हे पण विचारून घेतलं, आईसाठी.

खरंच तो आजार निघाला असता तर उपचार काय, तर रक्त काढणं! एका वेळी ४५० मिलीच्या आसपास, त्यातनं २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं, आणि सिरोसिस व्हायच्या आत सुरू केलं तर धोका बराच कमी होतो. सिरोसिस झालेला असेल तर मात्र दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही. हे ऐकून आप्पा म्हणाले, मी तर तरुणपणी दरवर्षी रक्तदान करायचो की, आणि डॉक्टरांकडं असं बघितलं जणू काय बक्षीसच मिळणार होतं.

तिसरा स्टार का दिला? रिपोर्ट चुकीचा नव्हता म्हणून. टेस्ट बरोबर, ज्या माणसाची केली तो चुकीचा. मालकांना भेटून सांगितलं की आधी सॅच्युरेशन सुचवत जा आणि रिपोर्टसोबत मराठीत अर्धं पान तरी द्या, ते बघू म्हणाले. परवा त्याच मॅडमचा फोन आला, घरातल्या चौघांची जीन टेस्ट केली तर २० टक्के डिस्काउंट आहे सर.