एडिनबराची डबी की ग्लासगोची पेटी?

मानपत्र चांदीच्या पेटीतून देतात, हे आपण जुन्या फोटोंत पाहिलेलं असतं. स्कॉटलंडमध्ये शहराचं मानद नागरिकत्व देताना त्या चर्मपत्राबरोबर अशीच डबी देत. लिलावात दोन तऱ्हा भेटतात: १८०० च्या आसपासची, तळहातावर मावणारी एडिनबराची डबी आणि पुढे व्हिक्टोरियाच्या काळातली, लाकडी बैठकीवरची ग्लासगोची भारदस्त पेटी. पैसे एकीपुरतेच असतील तर मी डबी घेईन. अट एकच, झाकणावरचं कुलचिन्ह मूळचं हवं.

ते बघायला झाकणावर तोंडाने 'हा' करून वाफ सोडा. जुनं चिन्ह घासून नवं कोरलं असेल, तर वाफ विरताना आधीच्या रेघा किंवा डाखाची कड क्षणभर दिसून जाते. मग अंगठ्याने हलकेच दाबा. घासून पातळ झालेला पत्रा तिथे लवतो. छाप, म्हणजे चांदीवरचे शुद्धतेचे ठसे (हॉलमार्क), झिजून गुळगुळीत, पण कोरलेल्या रेघांच्या कडा बोटाला लागतात? मग कोरीव काम बरंच अलीकडचं आहे.

रेघा वाचताही येतात. कुलचिन्हातल्या ढालीवर उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा रुपेरी. विक्रेता 'ही कॅम्पबेल घराण्याची' म्हणाला तर लगेच मान डोलावू नका. स्कॉटलंडमध्ये कुलचिन्ह आडनावाचं नसतं, एका माणसाचं असतं. धाकट्या पातीला त्यात फरक करून घ्यावा लागतो आणि लॉर्ड लायनच्या, म्हणजे तिथल्या कुलचिन्हांच्या अधिकाऱ्याच्या, दप्तरात १६७२ पासून या नोंदी आहेत. म्हणजे ढालीवरून नेमका माणूस सापडू शकतो. डबीत मी पैसे घालते ते यासाठी. चांदी अशी कितीशी असते!

एडिनबराचे छाप सोपे: तीन बुरुजांचा किल्ला, १७५९ पासून थिसलचं काटेरी फूल, वर्षाचं अक्षर, कारागिराची आद्याक्षरं. १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून राजाचं किंवा राणीचं मस्तकही असतं. छाप फक्त तळाला असतील आणि झाकण कोरं, तर झाकण दुसऱ्याच डबीचं नाही ना, हे विचारा.

ग्लासगोच्या छापात झाड, पक्षी, घंटा आणि मासा. तिथलं छाप कार्यालय १८१९ मध्ये सुरू झालं, १९६४ मध्ये बंद पडलं. पण शहराला रीतसर कुलचिन्ह मिळालं १८६६ मध्ये: ढालीच्या दोन्ही अंगांना सॅमन मासे, वर शहराचा रक्षक संत मंगो. वर्षाचं अक्षर १८४० चं आणि झाकणावर ही अख्खी मांडणी असेल, तर ती मागाहून कोरलेली. पेटीवर मीनाकाम असलं तर टवके शोधा, आणि वजन विचाराल ते बैठक आणि आतलं लाकूड वगळून.

आत मूळ चर्मपत्र असेल तर मात्र माझं मत फिरतं. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला अमेरिकी पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी याला पन्नासहून अधिक शहरांनी हा मान दिला होता. असा माणूस आपल्या वाट्याला येणार नाही, पण एखादा विस्मरणात गेलेला नगराध्यक्ष, कागदासकट, मला चालेल. कागद गेलेली, नाव नसलेली मोठी पेटी चांदीच्या वजनापलीकडे फार वर जाऊन मागू नका.

आणि विक्रेता 'चकचकीत करून देतो' म्हणाला तर नको म्हणा. रेघांत बसलेला काळेपणा गेला की कोरीव काम किती जुनं, हे सांगणारी एक खूण गेली.