लातूरचा रविवारचा नातेसंबंध वर्ग: लग्नं जमवणारीचा अभिप्राय

पैसे वाया जात नाहीत, हे आधीच सांगते, कारण चौकशीला फोन करणारे पहिल्यांदा तेच विचारतात. फी जोडप्याला तीन हजार, एकट्याला दोन हजार. वर्ग दर रविवारी दुपारी ट्यूशन एरियातल्या एका क्लासच्या खोलीत भरतो. शिकवणाऱ्या मॅडम मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत. वर्गाचं नाव जड आहे, ‘नातेसंबंध आणि मानसशास्त्रीय संशोधन’. नाव वाचून परत फिरू नका.

औसा रोडला माझं वधू-वर सूचक केंद्र आहे. निलंगा, उदगीर, अहमदपूर, उमरगा, परळी अशी सगळीकडची स्थळं येतात. लग्न जमतं, आहेर होतो, पेढे येतात. पण अलीकडं लग्नानंतर वर्षाच्या आत पोरगी माहेरी आली, असे फोन वाढलेत. “ताई, तुमीच जमवलं होतं, आता तुमीच बोला.” मी जाते, दोन्हीकडं बसते, चहा पिते, आणि सांगायला हातात काही नसतं. ‘जुळवून घ्या’ यापलीकडं आपल्याकडं कुणी काही सांगतच नाही. म्हणून मी फी भरली.

पहिल्याच रविवारी मॅडमनी माझ्या धंद्याच्या मुळालाच हात घातला. कॅनडातल्या सामंथा जोएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २०२० मधलं संशोधन त्यांनी फळ्यावर मांडलं. वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी आधीच गोळा केलेली ४३ माहितीसंचांतली ११,१९६ जोडप्यांची माहिती एकत्र केली आणि संगणकाला विचारलं, नातं चांगलं आहे की नाही हे कशावरून कळतं? माणसाचा स्वभाव, वय, शिक्षण, मिळकत, मनाची ठेवण अशा वैयक्तिक गोष्टींवरून कोण नात्यात किती समाधानी यातला फरक जास्तीत जास्त २१ टक्के उलगडला. आणि दोघांत काय चालतं त्यावरून ४५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे समोरचा या नात्याला धरून राहील असं वाटतं का, आपल्या केल्याची त्याला किंमत आहे का, शरीरसंबंधात समाधान आहे का, तो आपल्यासोबत खूश दिसतो का, भांडणं किती होतात. जोडीदार स्वतःबद्दल काय सांगतो, त्यानं या अंदाजात फारशी भर पडली नाही.

आता आमचा बायोडाटा डोळ्यांसमोर आणा. उंची, वर्ण, रास, देवक, शिक्षण, पॅकेज, बागायत किती, जिरायत किती, मामाचं गाव कोणतं. सगळ्या वैयक्तिक गोष्टी. त्याच संशोधकांचा २०१७ मधला आणखी एक प्रयोग मॅडमनी सांगितला. कधी न भेटलेल्या मुला-मुलींकडून आधी शंभराहून जास्त गोष्टी भरून घेतल्या: स्वभाव कसा, अपेक्षा काय, आवडीनिवडी काय. मग त्यांच्या चार-चार मिनिटांच्या भेटी घडवल्या. कोण सर्वसाधारणपणे जास्त लोकांना आवडेल याचा थोडाफार अंदाज कागदावरून आला. पण नेमकं कुणाला कोण आवडेल, हे काही केल्या कागदावरून सांगता आलं नाही. मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. ‘मुलगा नोकरीवालाच हवा, घरी शेती हवी, पण मुलगा शेती करणारा नको’ या एका ओळीपायी आमच्या जिल्ह्यात किती चांगली पोरं पस्तिशीला आलीत, ते मला रोज दिसतं. त्या ओळीवरून पुढचा संसार कसा होईल हे कळत नसेल, तर ती ओळ एवढी जड का करायची? सोमवारपासून मी केंद्रात मुला-मुलीची पहिली भेट पंधरा मिनिटांवरून तासाभराची केली. पोहे देऊन आईवडलांना दुसऱ्या खोलीत बसवते.

वर्गाचा सगळ्यात कसदार भाग अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या कामाचा आहे. सिएटलच्या विद्यापीठात त्यांनी घरासारखी सजवलेली एक खोली तयार केली, तिथं नवविवाहित जोडप्यांना राहायला बोलावलं आणि कॅमेऱ्यातून त्यांचं साधं वागणं टिपलं. एक जण काहीतरी बारीकसं बोलतो, दाखवतो, विचारतो. दुसरा त्याकडं वळतो, दुर्लक्ष करतो किंवा खेकसतो. अशा हाकांची मोजणी झाली. सहा वर्षांनी पाहिलं, तर टिकलेल्या जोडप्यांनी ८६ टक्के वेळा एकमेकांच्या हाकेला ओ दिलेली होती, आणि फारकत झालेल्यांनी ३३ टक्के.

हा आकडा कुठंही वाचायला मिळेल. वर्गात तो डोळ्यांसमोर घडला. पुढच्या बाकावर एक तरुण जोडपं होतं. बाक ‘नीट’ परीक्षेच्या पोरांसाठी केलेले, अरुंद, दोघांचे कोपर एकमेकांना लागत होते. बोलता बोलता खिडकीबाहेर अंधारून आलं. ती हळूच म्हणाली, “आभाळ बघा ना कसं आलंय.” लातुरात आभाळ आलंय म्हणणं ही साधी गोष्ट नसते, आम्ही २०१६ च्या दुष्काळात पाण्याची रेल्वे पाहिलेली माणसं. नवरा मोबाईल बघत होता. मान वर झाली नाही. ती पुन्हा काही बोलली नाही, फक्त ओढणी नीट केली. मॅडमनी शिकवणं थांबवलं आणि अगदी शांतपणे त्याला विचारलं, “आत्ता त्या काय म्हणाल्या?” त्याला सांगता येईना. मग ती म्हणाली, “रोजचंच आहे मॅडम. मी बोलायले अन् हे मोबाईल बघायलेत.” मॅडमनी त्याला बोल लावला नाही. एवढंच सांगितलं की आभाळ बघायला सांगणारी बाई हवामान सांगत नाही, सोबत मागते. मग त्यांनी त्याला खिडकीपाशी जाऊन यायला लावलं, दोघांनाही. सगळा वर्ग तोवर थांबला. तो परत आला तेव्हा फोन खिशात होता.

मी इतकी वर्षं भांडणं मिटवायला जाते आणि भांडण कशावरून झालं हेच विचारते. आता पहिला प्रश्न बदललाय. ‘तुम्ही बोलता तेव्हा हे काय करतात?’ याचं उत्तर ऐकताना बाया रडतात, हे मी दोन-तीन घरांत बघितलं.

शेली गेबल यांच्या २००४ च्या संशोधनावरचा तासही तितकाच उपयोगी. दुःखात कोण सोबत होतं हे आपण बघतो; त्यांनी बघितलं की चांगली बातमी सांगितल्यावर समोरचा काय करतो. मॅडमनी उदाहरण आपल्या मातीतलं घेतलं: सुनेचं शिक्षक भरतीत नाव लागलं. नवरा आनंदून विचारतो, कधी कळलं, आधी कुणाला सांगितलं, कसं वाटलं. किंवा ‘बरं झालं’ म्हणून जेवायला बसतो. किंवा ‘आज वरणात मीठ कमी पडलंय’ म्हणतो. किंवा म्हणतो, ‘पण शाळा लांब देतील, मग घरचं कोण बघणार?’ यातला पहिला प्रतिसादच नात्याला पोसतो. ‘बरं झालं’सुद्धा पोसत नाही, हे ऐकून वर्गातले पुरुष चुळबुळले. गेबल यांच्या पुढच्या, २००६ च्या अभ्यासात तर वाईट बातमीवरच्या प्रतिसादापेक्षा चांगल्या बातमीवरच्या प्रतिसादाचा नात्याच्या तब्येतीशी जास्त जवळचा संबंध दिसला. आपल्या घरांत सुनेच्या आनंदाला विरजण घालणारे चौथ्या प्रकारचे लोक स्वतःला व्यवहारी समजतात. त्यांच्यासाठी हा एक तास सक्तीचा करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

भांडणाच्या तासाला मॅडम कोविडात घरोघरी घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेऊन आल्या. जोडप्याला खऱ्या वादाच्या विषयावर बोलायला लावलं आणि नाडीचा आकडा सगळ्यांना दाखवला. एका काकांचा आकडा बघता बघता शंभराच्या पुढं गेला. चेहरा मात्र दगडासारखा. गॉटमन सांगतात, नाडी अशी चढली की माणसाला समोरचं नीट ऐकूच येत नाही, तेव्हा निदान वीस मिनिटं थांबावं आणि मग परत बोलायला यावं. काकू म्हणाल्या, “मला वाटायचं ह्यांना काहीच फरक पडत नाही.” त्या खोलीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या वाक्यानं.

लिहिण्याचा एक छोटा गृहपाठही आहे. एली फिंकेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये छापलेल्या प्रयोगात १२० जोडप्यांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. दुसऱ्या वर्षी निम्म्यांना तीनदा, दर वेळी सात मिनिटं, भांडणाकडं दोघांचंही भलं चिंतणाऱ्या तिसऱ्या माणसाच्या नजरेनं बघून लिहायला लावलं. वर्षभरात एकवीस मिनिटं. एवढ्यानं त्यांच्या समाधानाची घसरण थांबली, बाकीच्यांची चालूच राहिली. वर्गातल्या ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांना मॅडमनी फोनवर बोलून रेकॉर्ड करायला सांगितलं.

आता जे खटकलं ते. गॉटमन यांना घटस्फोटाचा अंदाज नव्वद टक्क्यांवर अचूक येतो, असं वर्गाच्या पत्रकावर ठळक छापलंय. ते काढून टाकावं. हेमन आणि स्लेप या संशोधकांनी २००१ मध्येच दाखवलं होतं की ज्या जोडप्यांवरून सूत्र बसवायचं, त्यांच्यावरच ते तपासलं तर अचूकता फुगून दिसते. नव्या जोडप्यांना लावलं की घसरते. मॅडमना हे माहीत आहे, विचारल्यावर त्यांनी नीट समजावलंही. मग पत्रकावर ते का? घाबरलेल्या आईबापांना असा आकडा दाखवून वर्ग भरवू नये.

दुसरं जास्त गंभीर आहे. इथलं बहुतेक संशोधन अमेरिकेतल्या शिकलेल्या, दोघंच राहणाऱ्या जोडप्यांवरचं. आमच्याकडं भांडणाच्या वेळी खोलीत तिसरं माणूस असतं, बऱ्याचदा चौथंही. वीस मिनिटं बाजूला जायला दुसरी खोलीच नसते. बीडकडची ऊसतोडीची जोडपी दिवाळीच्या आगेमागे कारखान्यावर जातात, सहा महिने खोपीत राहतात, मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. भल्या पहाटेपासून मोळ्या बांधणाऱ्या त्या बाईला सात मिनिटं लिहायला कोण देणार? यावर वर्गात एकही तास नाही. आपल्याकडच्या संशोधनातलं सांगितलं ते फक्त जयपूरचं, उषा गुप्ता आणि पुष्पा सिंग यांचं १९८२ चं: प्रेमविवाहात काही वर्षांनी प्रेम उतरलेलं, ठरवलेल्या लग्नात चढलेलं. सगळे खूश झाले, टाळ्या पडल्या. पण तो पन्नास जोडप्यांचा छोटा अभ्यास आहे, आणि २०१२ मध्ये अमेरिकेतल्या भारतीयांवर झालेल्या अभ्यासात दोन्हींत फरक सापडला नाही. मी ठरवून लग्नं लावणारी आहे, टाळ्या वाजवणं माझ्या सोयीचं होतं. तरी दुसरा अभ्यास पहिल्याइतक्याच जोरात सांगायला हवा होता.

आणि मारहाण. क्षमा करण्याबद्दल एक पूर्ण तास झाला, त्यात मारहाणीचा उल्लेख नुसता येऊन गेला. जेम्स मॅकनल्टी यांनी नवविवाहितांच्या पहिल्या चार वर्षांच्या अभ्यासातून २०११ मध्ये मांडलं की सहज माफ करणाऱ्यांच्या जोडीदारांचा त्रास देणं, हात उगारणं तसंच चालू राहिलं; कमी माफ करणाऱ्यांच्या जोडीदारांचं मात्र कमी होत गेलं. हे सुरुवातीलाच सांगायला पाहिजे. मार खाणाऱ्या बाईला तिसऱ्या माणसाच्या नजरेनं लिहायला लावायचं नसतं. तिला महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर आणि घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा सांगायचा असतो. शेवटच्या बाकावरची एक बाई त्या तासानंतर परत आली नाही. मला तिची काळजी लागून राहिलीय.

बाकी व्यवस्थेचं थोडक्यात. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी विचार करावा. लहान मुलांना सांभाळायला कुणी नाही. छापील टिपणं फार पुस्तकी मराठीत आहेत, मॅडमचं बोलणं त्यापेक्षा कितीतरी सरळ. वर्ग कधीकधी लांबतो आणि उदगीर-निलंग्याकडच्यांची एसटी चुकते.

लग्न ठरलेल्यांनी साखरपुडा ते लग्न या काळात जावं, दोघांनी मिळून जावं. माझ्या केंद्रातून जमलेल्या जोडप्यांची निम्मी फी यापुढं मी भरणार आहे. मॅडमशी बोलणं झालंय: पुढच्या तुकडीत एक रविवार सासू-सासऱ्यांसाठी ठेवायचा, आणि तो औसा रोडला, माझ्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये घ्यायचा. नावं केंद्रात नोंदवा, रविवार सोडून रोज सकाळी अकरानंतर.