फेसलिफ्ट सांगितलं, प्रत्यक्षात नुसती कातडी ओढली

फेसलिफ्ट म्हणजे ओघळलेला चेहरा वर उचलून बसवायचं ऑपरेशन. त्याच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीची सुरुवात आरशासमोर होते. क्लिनिकमधली व्यक्ती (बहुतेक वेळा डॉक्टर नव्हे, काउन्सेलर) दोन बोटांनी तुमचे गाल कानाकडे ओढून धरते आणि म्हणते, "बघा, एवढंच करायचंय. तासाभराचं काम, संध्याकाळी घरी." चेहरा खरंच तरुण दिसतो आणि पेशंट तिथेच भुलतो. पण त्या बोटांनी ओढली जाते ती फक्त त्वचा.

गाल आणि जबड्याची कड ओघळते ती खालच्या थरामुळे. त्वचा आणि तिच्या लगतची चरबी यांच्या खाली स्नायू व तंतूंचा एक सलग पडदा असतो. त्याला स्मास म्हणतात. १९७६ साली मिट्झ आणि पेरोनी या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं आणि फेसलिफ्टची पद्धतच बदलली. हा पडदा वर उचलून टाक्यांनी घट्ट बसवायचा, किंवा त्याच्याही खालून शिरून सगळा थर एकत्र सरकवायचा (याला डीप प्लेन म्हणतात), मग त्वचा त्यावर सैलसर पसरून उरलेली कापायची. सगळा ताण स्मासवर, त्वचेवर जवळपास शून्य. हे काम साधारण तीन ते पाच तासांचं, मानेचंही काम असेल तर कधी त्याहून जास्त.

काहीतरी गोंडस नाव देऊन विकलेल्या 'मिनी लिफ्ट'मध्ये अनेकदा स्मासला हातच लावलेला नसतो. भूल देऊन कानापुढची त्वचा सोडवली, ओढली, कापली, शिवली. त्वचा लवचिक असते, ती ताणाला जुमानत नाही, पुन्हा सैल पडते. काही महिन्यांत गाल पूर्वीच्या जागी येतात आणि व्रण मात्र ताणामुळे रुंद होतात. सगळ्यात ठळक खूण कानाच्या पाळीवर दिसते. पाळीची मोकळी गोलाई जाते, ती खाली ओढली जाऊन थेट गालाला चिकटल्यासारखी दिसते. याला पिक्सी इअर म्हणतात.

न्याय म्हणून हेही सांगायला हवं की छोटा छेद म्हणजे फसवणूक नव्हे. ज्यांची मान ठीक आहे आणि जबड्यापाशी थोडंच ओघळलंय, त्यांच्यासाठी छोट्या छेदातून स्मासला टाके घालणं हे रास्त ऑपरेशन आहे. म्हणून प्रश्न एकच विचारायचा: "स्मासचं नक्की काय करणार?" उत्तर कोटेशनवर आणि संमतीपत्रावर लिहून घ्या. तिथे टाळाटाळ झाली तर उठून या.

त्वचेखाली धागे घालून ओढायची 'विना-ऑपरेशन फेसलिफ्ट' हा दुसरा सापळा. पीडीओचे (शरीरात आपोआप विरघळणाऱ्या पदार्थाचे) धागे साधारण सहा महिन्यांत विरघळतात. परिणाम थोडा आणि थोड्या काळाचा, म्हणून पुन्हा पुन्हा बोलावणं. पुढे खरं ऑपरेशन करायचं ठरलं तर आतल्या व्रणांमुळे काम अवघड होऊ शकतं.

फोटोंचं तर विचारूच नका. 'आधी'चा फोटो वरून पडणाऱ्या उजेडात, हनुवटी खाली, चेहरा उतरलेला; 'नंतर'चा समोरून उजेड, हनुवटी वर, मेकअप, आणि केस नेमके कानावर. पेशंटचे खूश व्हिडिओ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काढलेले असतात, कारण तेव्हा उरलेल्या सुजेमुळे गाल भरलेले असतात. कसलीही ओढाताण त्या वेळी छानच दिसते. तुम्ही एक वर्षानंतरचे फोटो मागा: बाजूने, केस कानामागे, एकाच उजेडात.

ऑपरेशन कोण करणार, हे नावानिशी लिहून घ्या. जाहिरातीतला डॉक्टर वेगळा आणि टेबलापाशी उभा राहणारा वेगळा, असं घडतं. 'कॉस्मेटिक सर्जन' ही पाटी अनेक देशांत कुठलाही डॉक्टर लावू शकतो. वैद्यक परिषदेच्या नोंदणीत त्याची विशेषज्ञता प्लास्टिक सर्जरीची आहे का, ते स्वतः तपासा. हेच ऑपरेशन पूर्ण सोयींच्या हॉस्पिटलमध्ये करायची त्याला परवानगी आहे का, हेही विचारा. भूलतज्ज्ञ वेगळा हवा.

काय विचारलं जात नाही, त्यावरूनही क्लिनिक ओळखता येतं. तंबाखू, सिगारेट, व्हेप (ई-सिगारेट), निकोटिनचं च्युइंगगम किंवा पॅच यांची चौकशीच झाली नाही तर सावध व्हा. सोडवलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा कानामागच्या टोकापर्यंत जेमतेम पोचतो. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसल्या की तीच कड काळी पडून झडते. म्हणून आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे निकोटिन पूर्ण बंद. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, व्हिटॅमिन ई, माशाचं तेल यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मात्र हृदयासाठी चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, ती देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

रक्तदाब न तपासता तारीख देणारा तर धोकादायकच. त्वचेखाली रक्त साकळणं ही फेसलिफ्टची सगळ्यात नेहमीची गुंतागुंत, बहुधा पहिल्या २४ तासांत होणारी. पुरुषांत तिचं प्रमाण जास्त. एकाच बाजूला ठणका आणि सूज वाढू लागली तर ती जागा लगेच उघडावी लागते, नाहीतर वरची त्वचा मरते. तेव्हा रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार आणि ऑपरेशन थिएटर कुठलं उघडणार, हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी विचारा. 'आजच भरलं तर सवलत' म्हणणाऱ्याकडे याचं उत्तर सहसा नसतं. भूल, थिएटर, तपासण्या आणि दुरुस्तीचं ऑपरेशन कोणाच्या खर्चाने, हेही त्याच कागदावर यायला हवं.

तक्रार घेऊन गेल्यावर मिळणारं ठरलेलं उत्तर म्हणजे "सूज आहे, उतरेल." काही गोष्टी खरंच उतरतात: निळेपणा दोन-तीन आठवड्यांत, गाठीगाठी आणि कानाभोवतीचा बधिरपणा काही महिन्यांत, व्रणाची लाली वर्षभरात. एका बाजूचा ओठ किंवा भुवई हलत नसेल तर चेहऱ्याच्या नसेला धक्का बसलेला असू शकतो. तो बहुधा भरून येतो, पण तपासणी आणि नोंद लगेच व्हायला हवी. ओढलेली पाळी, कानामागे केसांच्या रेषेला पडलेली पायरी आणि सहा महिन्यांत परत आलेलं ओघळणं मात्र सुजेच्या खात्यात जमा होत नाही. अशा वेळी ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागा. कुठला थर उचलला ते त्यात लिहिलेलं असतं, आणि स्मासचा उल्लेखच नसेल तर काय विकलं गेलं ते कागदावरच दिसतं. ती प्रत आणि सगळे फोटो घेऊन दुसऱ्या प्लास्टिक सर्जनकडे जा. दुरुस्ती मात्र व्रण मऊ झाल्याशिवाय, म्हणजे सहसा सहा महिने ते वर्षभर, करून घेऊ नका.