टर्बो पेट्रोल आठ महिने चालवल्यावर: साध्या इंजिनपेक्षा नक्की काय वेगळं वाटलं

आधी सात वर्षं १.२ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन वापरलं, आता आठ महिने झाले १ लिटर तीन सिलिंडर टर्बो (म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा लावलेलं इंजिन) चालवतोय, ११ हजार किलोमीटर झालेत, म्हणून आता लिहितोय.

खरी मजा टॉर्कची, म्हणजे इंजिनच्या फिरवण्याच्या जोराची आहे. जुन्या गाडीला ११० एनएमच्या (न्यूटन-मीटर, टॉर्कचं माप) आसपास टॉर्क, तोही ४००० आरपीएमच्या वर गेल्यावर, म्हणजे ट्रक ओव्हरटेक करायचा तर दोन गिअर खाली टाकायचे आणि इंजिन ओरडेपर्यंत पिळायचं. टर्बोत १७० एनएम, आणि तो १८०० पासूनच मिळतो. चार माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि घाट तिसऱ्या गिअरमध्ये आरामात चढला, पहिल्यांदा तर मला विश्वासच बसेना. उंचावर हवा विरळ होते तशी साध्या इंजिनची ताकद दर १००० मीटरला साधारण १० टक्के कमी होते, टर्बो हवा दाबूनच आत ढकलतो म्हणून तिथे फारसं जाणवत नाही.

पण १८०० च्या खाली वेगळीच गाडी आहे. स्पीडब्रेकरवरून दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, काटा १३०० वर, पाय दाबला तर क्षणभर काहीच नाही, मग बारीक शीळ ऐकू येते आणि गाडी एकदम पुढे झेपावते. यालाच लॅग म्हणतात. एक्झॉस्टच्या जोरावर टर्बाइन फिरणार, मग बूस्ट, म्हणजे दाबलेली हवा येणार, त्याला वेळ लागतोच. मी आता सरळ पहिला टाकतो, पण ही सवय लागायला महिना गेला. रांगत्या ट्रॅफिकमध्ये साधं इंजिन खरंच जास्त गुणी, क्लच सोडला की निमूट चालतं.

मायलेज पूर्ण तुमच्या पायावर. हायवेला ९० च्या स्पीडला १९-२० मिळालं, शहरात सारखा बूस्ट वापरला तर १२ वर येतं, जुनी गाडी तिथे १४ च्या खाली कधी आली नाही.

ऑइलबाबत मात्र अजिबात तडजोड नको. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याच्या बेअरिंगला इंजिनचंच ऑइल जातं. पहिल्या सर्व्हिसला वर्कशॉपने भलत्याच ग्रेडचं ऑइल भरलं, बिलावर मॅन्युअलपेक्षा वेगळा आकडा दिसला म्हणून कळलं, तिथेच उभं राहून सगळं काढायला लावलं आणि नवीन फिल्टरसकट परत भरून घेतलं. तुम्ही पण बिल वाचा. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर आयडलवर ठेवा, गरम टर्बोत ऑइल थांबलं की जळून त्याचा कार्बन होतो.

जुनी गाडी विकलेली नाही. दोन-तीन किलोमीटरच्या कामांना अजून तीच काढतो, तेवढ्यात टर्बोचं ऑइल नीट तापत पण नाही.