मुंबई ते मालवण सायकलने: महामार्ग की सागरी रस्ता?

वेळ कमी असेल तर राष्ट्रीय महामार्ग ६६ बरा. अंतर कमी आणि चिपळूणसारख्या गावांत सायकल दुरुस्ती मिळते. पण कशेडी आणि परशुराम घाटांत ट्रक अंगावर येतात, आणि समुद्र दिसतच नाही.

सागरी रस्त्याचं तसं नाही. आगरदांड्याहून दिघीला, वेश्वीहून बागमांडल्याला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला अशा फेरीबोटींत सायकल चढवत जायचं. वाटेत मुरुडजवळ जंजिरा, हर्णैसमोर सुवर्णदुर्ग, अंजनवेलचा गोपाळगड, मग जयगड, रत्नदुर्ग, पूर्णगड, विजयदुर्ग आणि शेवटी मालवणचा सिंधुदुर्ग, ज्याचं काम शिवरायांनी १६६४ साली सुरू केलं. जवळजवळ प्रत्येक मोठ्या खाडीच्या तोंडाशी गड का, हे सायकलवर बसूनच पटतं: खाडी ताब्यात तर बंदर ताब्यात.

रस्ता मात्र सोपा नाही. खाडीपासून सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, चढायचं, पुन्हा खाडीत उतरायचं, दिवसभर हेच. हलका गिअर हवाच. पावसाळ्यात किल्ल्यांच्या होड्या बंद असतात, म्हणून डिसेंबर-जानेवारी उत्तम. मी सागरी रस्ताच निवडेन, सुट्टी वाढवावी लागली तरी.