फॅटी लिव्हर: कोणत्या रक्ततपासणीवर पैसे घालावेत?

सोनोग्राफीत ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ निघालं, की काही जण रिपोर्ट कपाटात ठेवून देतात आणि काही जण घाबरून लॅबचं सगळ्यात महाग पॅकेज करून येतात. खरा प्रश्न दोघांचाही तसाच राहतो: लिव्हरला व्रण पडायला लागलेत का? चरबी बऱ्याच लोकांच्या लिव्हरवर असते आणि वजन उतरलं की कमीही होते. पुढचा धोका ठरतो तो व्रणांवर, म्हणजे फायब्रोसिसवर. त्यामुळे तपासणी निवडताना आधी पाहायचं, की ती चरबीबद्दल सांगते की व्रणांबद्दल.

नुसत्या एसजीपीटीवर (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) विसंबू नका. आकडा नॉर्मल असूनही लिव्हरवर चरबी, अगदी व्रणसुद्धा असू शकतात. शुगर असलेल्यांमध्ये हे खास करून दिसतं. एसजीपीटी वाढलेली असेल तर कारण शोधायलाच हवं, पण नॉर्मल आहे म्हणून सुटलो असं धरायचं नाही.

चरबीचा अंदाज देणारा हिशेब म्हणजे फॅटी लिव्हर इंडेक्स. त्यात ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि जीजीटी (लिव्हरचं आणखी एक एन्झाइम) हे रक्तातले दोन आकडे, शिवाय उंची-वजनावरून बीएमआय आणि कमरेचा घेर. ३० च्या खाली आला तर चरबी बहुधा नाही, ६० किंवा वर आला तर बहुधा आहे. ज्याची सोनोग्राफी झालेली नाही, पण पोट सुटलंय आणि घरात शुगर आहे, त्याला याचा उपयोग. सोनोग्राफीत चरबी दिसलेलीच असेल तर यावर रुपयाही घालू नका.

व्रणांसाठी पहिली निवड माझ्या मते निःसंशय फिब-४, म्हणजे व्रणांचा अंदाज देणारा हिशेब. त्यासाठी वेगळं रक्त द्यावं लागत नाही. वय, एसजीओटी (एसजीपीटीसारखंच, पण स्नायूंत आणि लाल पेशींतही असणारं एन्झाइम), एसजीपीटी आणि प्लेटलेट, एवढ्यावर तो निघतो. वयाला एसजीओटीने गुणायचं. प्लेटलेटचा आकडा हजारांत घेऊन (दोन लाख म्हणजे २००) त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचं. मग पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागायचं. समजा वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १ लाख ९५ हजार. उत्तर १.६. ही मधली पायरी झाली: १.३ च्या खाली मोठे व्रण असण्याची शक्यता फार कमी, २.६७ च्या वर पोटविकारतज्ज्ञांकडे जायलाच हवं, आणि मधल्यांना दुसरी तपासणी. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी खालची रेषा २ धरतात, कारण वाढत्या वयाने आकडा आपोआप चढतो. पस्तिशीच्या आतल्यांना मात्र हा हिशेब नीट लागू पडत नाही.

हे सूत्र २००६ साली एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांसाठी बनलं होतं. आज फॅटी लिव्हरमध्ये जगभर तीच पहिली पायरी आहे. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत या साध्या तपासण्या मोफत होतात, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने मधुमेह-रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरही घेतलं. म्हणून शुगरची गोळी घ्यायला गेलात की डॉक्टरांना सरळ विचारा, ‘माझा फिब-४ किती येतो?’

पण खान्देशात हा आकडा चुकायच्या वाटाही बऱ्याच आहेत, आणि पॅकेजच्या जाहिरातीत त्या कोणी सांगत नाही. पावसाळ्यानंतर डेंग्यू-मलेरियात प्लेटलेट घसरतात. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाची एसजीओटी ३०, एसजीपीटी ४९ आणि प्लेटलेट अडीच लाख असतील तर फिब-४ येतो ०.७५. तापात त्याच प्लेटलेट ८० हजारांवर आल्या तर तोच माणूस २.३६ वर जातो, लिव्हरमध्ये काहीही न बदलता. त्यामुळे ताप उतरून प्लेटलेट पूर्ववत होईपर्यंत हा हिशेब करायचा नाही. रावेर-यावलकडे दिवसभर केळीचे घड वाहणाऱ्यांची एसजीओटी नुसत्या स्नायूंच्या श्रमानेही वाढते, तेव्हा जड काम थांबवून काही दिवस गेल्यावरच रक्त द्यावं. तालुक्याहून जिल्ह्याला हिंदकळत, मे महिन्याच्या उन्हात गेलेल्या नमुन्यात लाल पेशी फुटतात आणि त्यांच्यातली एसजीओटी रिपोर्टात उतरते. सीबीसीच्या नळीत प्लेटलेटचे गोळे झाले तर मशीन त्या कमी मोजतं. जिथे रक्त काढतात तिथेच त्याच दिवशी तपासतात, अशी लॅब निवडणं मला पॅकेजच्या यादीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

सातपुड्यातल्या, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. सिकलसेलचा आजार असेल तर लाल पेशी शरीरातच फुटत राहतात. एसजीओटी त्यामुळेही वाढते, आणि तीन महिन्यांच्या शुगरचा आकडाही भरवशाचा राहत नाही. अशा रुग्णाने फिब-४ स्वतः काढून निष्कर्ष काढू नये. तपासणी कोणतीही असो, सिकलसेलचं कार्ड डॉक्टरांना आधी दाखवावं.

आता मधल्या पायरीवरच्यांसाठी महागड्या तपासण्या. ईएलएफ चाचणी रक्तातले तीन पदार्थ मोजते: हायल्युरोनिक आम्ल, पीआयआयआयएनपी आणि टिम्प-१. व्रण तयार होताना आणि मोडताना हेच पदार्थ वाढतात, म्हणून ती फिब-४ पेक्षा थेट बोलते. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तिला मान्यता दिली. ९.८ च्या खाली धोका कमी, ११.३ पासून वर जास्त. फायब्रोटेस्ट ही व्रणांचीच दुसरी रक्ततपासणी मात्र बिलिरुबिन (लाल पेशी फुटल्या की वाढतं) आणि हॅप्टोग्लोबिन (तेव्हा घटतं) यांवरही अवलंबून आहे. लाल पेशी फुटणाऱ्या आजारात, किंवा गिल्बर्ट या निरुपद्रवी जन्मजात दोषामुळे ज्यांचं बिलिरुबिन जन्मापासून थोडं वर असतं त्यांच्यात, ती फसते. सिकलसेलच्या पट्ट्यात मी ती सुचवणार नाही. सीके-१८, प्रो-सी३ या लिव्हरच्या नव्या रक्ततपासण्यांची नावं कुठे वाचली असतील तर त्या संशोधनासाठी मोलाच्या आहेत, पण एका माणसाचा निर्णय त्यांवर करावा इतक्या पक्क्या अजून नाहीत.

ईएलएफ की फायब्रोस्कॅन? फायब्रोस्कॅन ही रक्ततपासणी नाही, पण लिव्हरचा कडकपणा तिथल्या तिथे मोजते. ८ किलोपास्कलच्या खाली आकडा आला तर चिंता बरीच कमी होते. ती जवळच्या शहरात मिळत असेल तर मी आधी तीच करेन. ईएलएफचा नमुना बहुधा मोठ्या शहरात जातो आणि रिपोर्टची वाट पाहावी लागते. फायब्रोस्कॅन मिळतच नसेल, किंवा फार जाड पोटामुळे नीट होत नसेल, तर ईएलएफवर पैसे घालणं योग्य.

या सगळ्याआधी हिपॅटायटिस बी आणि सी एकदा तपासून घ्या, आणि दारू घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. एसजीओटी एसजीपीटीच्या दुप्पट किंवा जास्त असेल तर संशय आधी दारूवर जातो, आणि मग उपचाराची दिशाच बदलते.

फिब-४ १.३ च्या खाली आला तर महागडी तपासणी आज नको. शुगर असेल तर एक-दोन वर्षांनी, नसेल तर दोन-तीन वर्षांनी तोच हिशेब पुन्हा करा. जुना रिपोर्ट जपून ठेवा आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये जा, म्हणजे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतील.