शिमोनादा स्टेशन: दोन तास बसलो, अजून बसलो असतो

थोरला मात्सुयामाला नोकरीला आहे, म्हणून आम्ही दोघं जपानला गेलो. तो म्हणाला, "बाबा, एक स्टेशन दाखवतो." मी खानापूरचा. निम्मा जन्म लोंढा-बेळगाव पॅसेंजरात गेलेला. स्टेशनात काय बघायचं रे?

एका डब्याची डिझेल गाडी, तासाभराचा रस्ता. उतरताना तिकीट ड्रायव्हरच घेतो. स्टेशनात मास्तर नाही, हमाल नाही, चहावाला तर नाहीच. एकच फलाट, त्यावर एवढंसं छप्पर, बाकडं आणि समोर समुद्र. स्टेशन १९३५ सालचं. पूर्वी पाणी अगदी फलाटाच्या पायथ्याशी होतं म्हणे. मग भराव घालून खालून हायवे काढला. तो खालच्या अंगाला आहे, त्यामुळे नजरेला फारसा आडवा येत नाही.

आमचा धंदा कौलांचा. समुद्राआधी मी मागच्या घरांची छपरं बघत बसलो. आपली कौलं लाल, तिकडची राखाडी. याच एहिमे प्रांतात किकुमा म्हणून गाव आहे, तिथली कौलं नावाजलेली. भट्टीत शेवटी धूर कोंडतात, त्यानं चंदेरी झाक येते. पोरगा वैतागला, "बाबा, समुद्र तिकडं आहे!"

शनिवारी गेलो, ती चूक आमची. पॅसेंजरच्या स्वस्त पासाच्या जाहिरातीत हे स्टेशन तीनदा झळकलंय, त्यामुळे फोटोला रांग. मंडळीनं बाकड्यावर कुंद्याचा डबा उघडला. समोर पाच-सहा पोरं मोबाईल धरून उभी, पण 'उठा' म्हणून कुणी बोलेना. शेवटी हीच म्हणाली, "उठा हो, लोकं खोळंबल्यात की."

जाणाऱ्यांनी आडवारी जावं, ऊन उतरताना. सूर्य समोर समुद्रातच बुडतो. खायला घरून न्यावं. परतीची वेळ आधी बघून ठेवावी, एक गाडी चुकली की दीड-दोन तास बसा. आमची चुकलीच, कौलांपायी.

परतीला मागच्या दारानं चढून मशीनमधून चिठ्ठी ओढायची. तिच्यावर नुसता आकडा. पैसे मात्सुयामाला उतरल्यावर. म्हणजे तासभर बिनतिकीट! हिनं ती चिठ्ठी शेवटपर्यंत मुठीत धरली, टीसी आला तर दाखवायला. टीसी काही आला नाही.